खपाचा आकडा आणि कानाचा शेरा

भाच्यानं मला एक यादी पाठवली. जगात सर्वाधिक खपलेले रॉक अल्बम, वरून खाली, प्रत्येकापुढे कोटींतला आकडा. खाली एक ओळ: "मावशी, वरून सुरुवात करू ना? एवढ्या लोकांनी घेतला म्हणजे चांगलाच असणार."

तीस वर्षं मी हिशेब तपासले. गोदामांत जाऊन खोकी मोजली, व्हाउचरांवर हिरव्या पेनानं टिका मारल्या. कुणी आकडा पुढे सरकवला की माझ्या तोंडून एकच प्रश्न निघतो: कशाचा आकडा? त्यामुळे त्याला 'हो' म्हणवेना आणि 'नाही' म्हणणंही खोटं ठरलं असतं. शेवटी हे लांबलचक लिहून पाठवलं. एखादा जुना गाजलेला अल्बम खरंच चांगला आहे की नुसताच खपलाय, हे स्वतःचं स्वतः कसं ताडून पाहायचं, एवढंच यात आहे.

आधी माझी कबुली. फ्लीटवुड मॅक या बँडचा 'रूमर्स' मी कित्येक वर्षं ऐकलाच नव्हता, कारण तो सगळ्यांकडे होता. त्याच काळात कुणालाही माहीत नसलेला एक अल्बम 'हरवलेलं रत्न' म्हणून कुठंतरी वाचून मिळवला आणि चार वर्षं भेटेल त्याला सांगत सुटले. मग एकदा तापानं पडून असताना तो सलग तीनदा कानावरून गेला. दहापैकी सात गाणी एकाच चालीवर. तो हरवला होता हे खरं, पण कुणी शोधत नव्हतं म्हणून. तेव्हा खपावर भाळणं ही एक चूक झाली आणि न खपण्यावर भाळणं ही तिची धाकटी बहीण. दुसरी जास्त चिवट, कारण तिच्यात आपण शहाणे वाटतो.

आकडा कशाचा, ते आधी विचारा

'प्लॅटिनम' हा शब्द दिसला की थांबा. अमेरिकेत हा किताब देते ती तिथल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना, आरआयएए. दहा लाख प्रतींना प्लॅटिनम, हा प्रकार 1976 साली सुरू झाला. पण मोजणीला धरतात त्या कंपनीनं दुकानांकडे रवाना केलेल्या प्रती. माल गेला म्हणजे विकला गेला असं नव्हे, हे कुठलाही कारकून सांगेल; आणि रेकॉर्डच्या धंद्यात तर माल परतीच्या बोलीवर जायचा.

याचं सर्वांत रंगतदार उदाहरण किस या बँडचं. 18 सप्टेंबर 1978 या एकाच दिवशी चौघांनी चार स्वतंत्र अल्बम काढले. कंपनीनं प्रत्येकाच्या दहा लाखांवर प्रती बाजारात ढकलल्या आणि चारही प्लॅटिनम झाले. मग दुकानांतून ढीग परत यायला लागले. असल्या परत आलेल्या रेकॉर्डच्या वेष्टनाचा कोपरा कापायचे किंवा त्याला भोक पाडायचे, आणि त्या पडत्या भावात निघायच्या. जुनी रेकॉर्ड हातात घ्याल तेव्हा चारही कोपरे बघा. कापलेला कोपरा म्हणजे कुणाचा तरी चुकलेला अंदाज. (त्या चारांतला गिटारवादक एस फ्रेलीचा अल्बम मला आवडतो. कोपरा कापलेला असला म्हणून रेकॉर्ड वाईट ठरत नाही, तो वेगळा मुद्दा.)

दुसरी मेख डबल अल्बमची. पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' 23 वेळा प्लॅटिनम आहे. ऐकणाऱ्याला वाटतं दोन कोटी तीस लाख घरं. पण दोन तबकड्यांचा संच दोनदा धरतात, म्हणजे संच साधारण निम्मेच. बीटल्सच्या पांढऱ्या वेष्टनाच्या डबल अल्बमचंही तेच. एकाच तबकडीच्या अल्बमशेजारी हे आकडे मांडून 'हा त्याच्यापेक्षा मोठा' म्हणायचं असेल तर आधी दोननं भागा.

तिसरी: तपासनीस बोलावल्याशिवाय येत नाही. कंपनीनं अर्ज केला, मोजणीची फी भरली, की नवा किताब. ईगल्सचा 'देअर ग्रेटेस्ट हिट्स' 2006 साली 29 वेळा प्लॅटिनम होता, 2018 साली एकदम 38 वेळा. मधल्या काळात वह्या पुन्हा उघडल्या गेल्या आणि मोजणीचा नियमही बदलला. 2016 पासून अल्बममधली गाणी इंटरनेटवर 1,500 वेळा ऐकली गेली (म्हणजे 1,500 स्ट्रीम) की एक अल्बम धरतात. शिवाय हा अल्बम आधीच्या चार अल्बमांतली निवडक गाणी एकत्र करून 1976 च्या फेब्रुवारीत काढलेला. त्यांचं गाजलेलं 'हॉटेल कॅलिफोर्निया' त्यात नाही, त्या नावाचा अल्बम त्याच वर्षाच्या डिसेंबरात आला. संकलनाला 'अल्बम किती चांगला' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. आधीच गाजलेलीच गाणी त्यात असतात. ऐकलेल्या अल्बमांची मी एक वही ठेवते, तिच्यात संकलनांना पानच नाही.

आणि 'जगभरात पाच कोटी' छापाचा दावा दिसला, तर त्यातल्या किती प्रती कुणी मोजल्या ते विचारा. मोजलेला आकडा आणि सांगितलेला आकडा हे दोन वेगळे रकाने आहेत. मी दुसरा रकाना पेन्सिलीनं भरते.

उंची नको, लांबी बघा

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' 1973 च्या मार्चमध्ये आला. अमेरिकेच्या बिलबोर्ड मासिकाच्या आठवडी खपाच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर किती काळ राहिला? एक आठवडा. पण 1973 ते 1988 या काळात यादीत कुठं ना कुठं होता तो 741 आठवडे. लेड झेपेलिनचा नाव नसलेला चौथा अल्बम (1971) तिथं दुसऱ्या क्रमांकापलीकडे गेलाच नाही. एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक' (1980) चौथ्यावर थांबला. आज हे तिन्ही सर्वाधिक खपलेल्यांत आहेत.

पहिला आठवडा जाहिरातीचा, आधीच्या अल्बमच्या पुण्याईचा आणि रेडिओवाल्यांच्या मर्जीचा असतो. बँडचं नाव बघून पोरं रांगा लावतात. सातव्या वर्षी जो अल्बम विकत घेतो त्याला कुणी जाहिरात दाखवलेली नसते. त्याला मित्रानं, थोरल्या बहिणीनं, शेजारच्या खोलीतल्या आवाजानं सांगितलेलं असतं. म्हणून खपाकडे बघायचंच असेल तर 'सगळ्यांत वर किती गेला' हे सोडा आणि 'किती वर्षं मागणी टिकली' ते शोधा. हा एक आकडा मी बऱ्यापैकी गंभीरपणे घेते. दर्जाचा पुरावा म्हणून नाही. ऐकायला वेळ द्यावा इतपत शिफारस म्हणून.

यालाही अपवाद आहे. काही अल्बम टिकतात ते केवळ दर पिढीला गिटार शिकवणाऱ्या मास्तरांमुळे.

जुन्या याद्यांवर फार भिस्तही ठेवू नका. 1991 च्या मे महिन्याआधी बिलबोर्ड दुकानदारांना विचारून यादी बनवायचं: तुमच्याकडे काय जोरात चाललंय? काउंटरवरचा पोरगा आठवेल ते सांगणार, आपल्या आवडीचं थोडं वर सरकवणार. बारकोडवरून मोजणी सुरू झाली आणि कंट्री, रॅप, हेवी मेटल या प्रकारांतली मंडळी एकाएकी वर दिसायला लागली. लोक आदल्या आठवड्यातही तेच घेत होते.

खपला नाही? मग कारण काढा

इथं मला थोडा वेळ लागणार आहे, कारण ताळेबंदात तोटा दिसला की खोदून बघायची सवय जात नाही. न खपलेल्या अल्बमची कारणं बहुतेक वेळा संगीताबाहेर सापडतात.

द किंक्सचा 'द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी' 22 नोव्हेंबर 1968 ला ब्रिटनमध्ये आला. त्याच दिवशी बीटल्सचा तो पांढरा डबल अल्बम. बाकी काही सांगायला नकोच. वर 1965 पासून अमेरिकेत कार्यक्रम करायला या बँडला तिथल्या वादकसंघानं अडवून ठेवलं होतं. ती बंदी उठली 1969 मध्ये. अल्बम दोन्ही देशांत यादीला शिवलाही नाही.

द झॉम्बीजची कथा तर लग्न लागल्यावर नवरदेव गायब अशी. 'ओडेसी अँड ऑरेकल' त्यांनी 1967 साली ध्वनिमुद्रित केला, बरंचसं काम लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत. वेष्टन रंगवणाऱ्यानं 'ओडेसी'चं इंग्रजी स्पेलिंग चुकवलं, तेही तसंच छापलं गेलं. 1968 च्या एप्रिलमध्ये अल्बम निघाला तोवर बँड मोडला होता. त्यातलं 'टाइम ऑफ द सीझन' 1969 साली अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि कार्यक्रम करायला बँडच नव्हता! मग तोतये झॉम्बीज गावोगाव फिरू लागले. त्यांतल्या एका टोळीत डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड होते, पुढे झीझी टॉप या बँडचे.

बिग स्टारनं 1972 साली आपल्या पहिल्याच अल्बमचं नाव ठेवलं 'नंबर 1 रेकॉर्ड'. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण वितरणाचा घोळ झाला आणि ज्यानं परीक्षण वाचलं त्याला दुकानात रेकॉर्ड मिळेना. खप दहा हजारांच्या आत. हे दर्जावरचं मत म्हणायचं की ट्रकच्या मार्गावरचं?

तर करायचं असं. एखादा अल्बम पडला असं वाचलं की चार गोष्टी शोधा: त्या दिवशी बाजारात आणखी काय आलं, बँड तेव्हा गावोगाव कार्यक्रम करत होता का, रेकॉर्ड दुकानात पोचली का, आणि कंपनी-बँडचं पटत होतं का. चारही ठीक असतील आणि तरीही लोकांनी पाठ फिरवली असेल, तर मात्र लोकांचं ऐका. माझ्या त्या 'रत्ना'च्या बाबतीत चारही ठीक होतं. मी पाहिलंच नव्हतं.

उलट बाजूनंही हेच लावा. भरपूर खपलेल्यामागेही संगीताबाहेरचं काय होतं? पीटर फ्रॅम्प्टनचा 'फ्रॅम्प्टन कम्स अलाइव्ह!' 1976 साली दहा आठवडे पहिला होता. गोड चेहरा, कार्यक्रमातला जल्लोष, गिटारला तोंडातल्या नळीतून बोलतं करणारा टॉकबॉक्स. मला त्यातली दोन गाणी आजही टवटवीत वाटतात. बाकीची ऐकताना मी त्या सभागृहात नव्हते एवढंच जाणवत राहतं.

आता कान

कागद पुरे झाले. ऐकण्याची माझी रीत सांगते. ती नमुना-तपासणीची आहे: सगळी खोकी फोडायची नाहीत, पण कोणती फोडायची ते मालकानं ठरवायचं नाही.

पहिल्यांदा गाजलेलं गाणं वगळा. रेडिओनं ते तुमच्या डोक्यात आधीच बसवलंय, त्याचा निकाल निःपक्षपाती लागणार नाही. उरलेलं ऐका. जुन्या तबकडीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं मावायची, आणि दुबळं गाणं बहुधा दुसऱ्या बाजूला मधोमध लपवलेलं असायचं. तिथंच बोट ठेवा. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं हे माझं ठरलेलं खोकं.

मात्र जी आवृत्ती ऐकताय ती मूळ आहे का ते बघा. 'रूमर्स'मधून 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' हे गाणं तबकडीवर जागा नाही म्हणून काढलं होतं. 2004 च्या आवृत्तीत ते मधोमध घुसवलं. गाणं सुंदर आहे, पण क्रम बिघडला. शेवटी चिकटवलेले बोनस तुकडे असतील तर मूळ शेवट आला की बंद करा.

दुसऱ्यांदा आठवड्यानं ऐका आणि फक्त एका वाद्यामागे जा. मी बेस घेते, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार. बेसवाल्याला काही सांगायचं असेल तर अल्बममध्ये बहुधा सगळ्यांनाच काही सांगायचं असतं.

तिसऱ्यांदा, एक जोडी लावा: त्याच वर्षातला एक खपलेला, एक न खपलेला. माझी आवडती जोडी 1977 च्या फेब्रुवारीची. 4 तारखेला 'रूमर्स', 8 तारखेला टेलिव्हिजन या न्यूयॉर्कच्या बँडचा 'मार्की मून'. एकाच आठवड्यातले. पहिला अमेरिकेत 31 आठवडे अव्वल आणि जगभरात कोट्यवधी प्रती. दुसरा अमेरिकेच्या यादीत आलाच नाही, ब्रिटनमध्ये अठ्ठाविसाव्यापर्यंत पोचला.

भाच्याला समोर बसवून मी आधी 'द चेन' लावलं. तुकडे कापून जोडलेलं गाणं आहे हे, ब्लेडनं टेप कापून. पाचही जणांचं नाव असलेलं अल्बममधलं एकमेव. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास सगळं विझतं आणि जॉन मॅकव्हीचा बेस एकटाच चालत येतो. मी म्हटलं, इथं डोळे मिट. त्यानं मिटले. मग गिटार चढते, आवाज पुन्हा एकवटतात. त्या काळात या बँडमधली एक जोडी घटस्फोट घेत होती, दुसरी तुटत होती, आणि तरी सूर एकमेकांना धरून आहेत. मग 'सेकंड हँड न्यूज' लावून विचारलं, हे थपथप काय वाजतंय? त्याला सांगता आलं नाही. बँडमधला लिंडसी बकिंगहॅम स्टुडिओतल्या खुर्चीची बैठक बडवतोय. एका ठोक्याचा आवाज मनासारखा यावा म्हणून खुर्ची बडवून बघणारी माणसं नुसत्या नशिबावर खपली असं म्हणवत नाही. इतके थर चढवले की फिरवून फिरवून मूळ टेप झिजली. वर्षानुवर्षं 'सगळ्यांकडे आहे' म्हणून मी जे टाळलं ते हे.

मग 'मार्की मून' याच नावाचं गाणं. दहा मिनिटं. दोन गिटारी, टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड, दोघं दोन वेगळ्या गोष्टी बोलताहेत आणि कुणी कुणाच्या पायात येत नाही. बेस आला, ड्रम आले, आणि मला दर वेळी वाटतं आपण मोजत होतो ती सम चुकली. पुन्हा मोजायला लागते. हे एकाच टेकमध्ये, म्हणजे एका दमात न तोडता वाजवलेलं आहे. ड्रमवाला बिली फिका ही तालीम समजून वाजवत होता. जुन्या तबकडीवर दहा मिनिटं पुरी व्हायच्या आत ते विरत जायचं. पुढे सीडीवर पूर्ण शेवट मिळाला.

कोणता चांगला? भाचा म्हणाला, "दोन्ही. पण दुसरा पहिल्यांदा ऐकून कुणी विकत घेणार नाही." झालं, हेच पाहिजे होतं. 'रूमर्स' दारातच हात धरून आत नेतो. 'मार्की मून' दार उघडं टाकून निघून जातो. खपाच्या आकड्यात दाराची रुंदी मोजली जाते. आत घर कसं आहे ते त्यात येत नाही. काही घरं आतून भव्य असतात आणि दारही रुंद, काही नुसतंच दार असतं.

जाणकारांचं काय

थोडक्यात: तेही चुकतात. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 1970 साली आला तेव्हा 'रोलिंग स्टोन' मासिकानं झोडपला. लेड झेपेलिनच्या पहिल्याची 1969 साली तीच गत. पोरांनी मात्र दोन्ही उचलले, आणि पुढचं अख्खं हेवी मेटल त्यातून निघालं. तिथं गर्दीचा कान समीक्षकाच्या आधी जागा झाला होता. उलट द व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा 1967 चा पहिला अल्बम तेव्हा बिलबोर्डवर 171 च्या वर चढला नाही, पण वादकांनी तो पाठ केला. गायक डेव्हिड बोवीच्या हाती तर त्याची चाचणी-प्रत बाजारात येण्याआधीच पडली होती आणि त्यातलं एक गाणं तो लगेच वाजवू लागला.

म्हणून माझ्या वहीत एक रकाना 'कुणी उचललं' असा आहे. दुसऱ्या वादकांनी त्यातून काय घेतलं, कुणाच्या गाण्यात त्याची सावली दिसते. हा रकाना भरायला वर्षं लागतात, पण त्यात परतीचा माल नसतो.

भाच्यानं वहीचे रकाने विचारले होते म्हणून: अल्बम, साल, मोजलेला खप, सांगितलेला खप (पेन्सिल), यादीत किती काळ, संगीताबाहेरचं कारण, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, कुणी उचललं, आणि शेवटी शेरा. शेरा तिसऱ्या ऐकण्यानंतरच, आणि तारखेसह. माझ्याच वहीत 'रूमर्स'पुढे दोन शेरे आहेत, अकरा वर्षांच्या अंतरानं. पहिला खोडलेला नाही. खोडलेली नोंद मी दुसऱ्याच्या वहीत चालवून घेतली नसती.

परवा त्याचा निरोप आला: "किंक्स दोनदा ऐकला, काहीच लागत नाहीये. म्हणजे वाईट का?" मी विचारलं, बेस ऐकलास? नाही म्हणाला. म्हटलं, शेऱ्याची जागा मोकळी सोड, आजची तारीख टाक आणि पुढच्या आठवड्यात बेस.